डावीकडे ओढ

मे महिना, सेहेचाळीस आणि वर काही.
कूलरचं गवत कालच बदललंय
तरी फोन म्हणतो, तापलोय, थोडं थांबा.
बाबा म्हणतात, "शावेल नाही कधी असं म्हणाली."
मी फोन उचलून कूलरसमोर धरते,
पाखरू धरावं तसा.

बाबांचा अंगठा काचेला कळत नाही.
रेशनच्या मशीनलाही नाही.
तिथं पँटला पुसून तीनदा, थुंकी लावून चौथ्यांदा,
शेवटी दुकानदार माझाच अंगठा मागतो.
एकतीस वर्षं उमरेडच्या खुल्या खाणीत
लिव्हरवर घासून रेषा गेल्या त्या गेल्या.
सुगतनं घेऊन दिलेल्या फोनवर बाबा
बंद दारावर टकटक करावी तसं दाबतात,
मग जोरात दाबतात,
मग माझ्याकडे सरकवतात,
"मले नाही ओळखत हे."

हैदराबादला जाताना सुगतनं कन्सोल विकलं
इंदोऱ्यातल्या एका पोराला, दोन हप्त्यांत.
दुसरा हप्ता अजून यायचाय.
कंट्रोलर मात्र त्या पोरानं परत केला,
डावी काडी बिघडलेली,
हात न लावता माणूस डावीकडे चालत जातो.
तो कपाटात पडून होता,
चार्जरच्या गुंत्यात, राख्यांच्या डब्यामागे.

परवा मी उगाच त्याची दोन बटणं
एकदम दाबून धरली.
दिवा लुकलुकला. विझेल वाटलं.
फोनच्या यादीत शेजाऱ्यांच्या टीव्हीखाली,
कुण्या मेश्रामच्या इयरफोनखाली,
त्याचं नाव आलं.

खेळ फुकटचा, खाणकामाचा,
मध्ये मध्ये रमीची जाहिरात.
फोन तिखटाच्या डब्याला टेकवला.
बाबांनी कंट्रोलर आधी हातावर तोलला,
वजनकाट्यावर संशय असल्यासारखा.
मग दोन्ही अंगठे आपापल्या जागी गेले
आणि त्यांची पाठ सरळ झाली.

पिवळी बकेट खाली उतरली, मातीत शिरली,
हातात थरथर आली.
बाबा थांबले, काचेकडे नाही, हातांकडे बघत.
"दगड लागला."
खेळात दगड नव्हता, नुसता तपकिरी रंग होता.
मी बोलले नाही.

बूम डावीकडे सरकू लागली.
मी सांगणार होते, तोवर त्यांच्या अंगठ्यानं
तिला केसभर उजवीकडे धरून ठेवलं होतं.
"सात नंबर अशीच होती.
नवी आली तवापासून डावीकडे वढे.
फोरमननं चारदा लिहून नेलं.
मी म्हटलं राहू द्या साहेब,
रातपाळीत तेवढंच जागं राहता येते."

दहा ट्रक भरायचे होते.
बाबांनी एक भरला
आणि मग रिकामीच बूम फिरवत बसले
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
हळू, परत हळू.
वेळ संपली. तारे शून्य.
"शून्य काऊन?"
"नऊ ट्रक राहिले ना, बाबा."
"एकही हिसका नाही बसला,
त्याचे किती?"

दुसऱ्या डावात सुगतचा फोन आला.
काचेवर वरून त्याचं नाव उतरलं,
गॉगलमधला, चारमिनारपुढचा त्याचा फोटो.
"वाजू दे," बाबा म्हणाले,
"भरली बकेट हवेत सोडून हात काढत नसतात."
ट्रक भरला, बूम जमिनीला टेकवली,
कंट्रोलर मांडीवर ठेवला.
"आता लाव."

सुगत हसला. म्हणाला, "अजून डावीकडे ओढतो ना तो?
नवा पाठवतो, बाराशेचा."
"नको." मग जरा वेळानं,
"हा पहिल्यापासून असा, का तुह्या हातानं झाला?"
तिकडे कुठल्याशा चौकातले हॉर्न.
"माझ्याच असेल. पळताना फार दाबायचो."
"हं," बाबा म्हणाले.
कंट्रोलर पालथा करून
पाठीवरचे चार स्क्रू मोजले,
डावीकडची रबराची टोपी
अंगठ्यानं चाचपली, जिथं ती झिजलीय.

रमीची जाहिरात येऊन थांबली होती.
तिची फुली अजून बोटानंच मिटवावी लागते.
मी मिटवली.